सुरी राहू दे, आधी सांडशी कर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावच्या अनगोळात घराच्या मागं थोडी जागा आहे, उद्यमबागेत लेथवर काम करतोस, रविवार मोकळा असतो. ट्रकच्या जुन्या ब्रेक ड्रमची भट्टी केलीस, खाली जीआय पाइप आणि त्याला ब्लोअर. फाउंड्रीतला दोस्त बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, ऐरण ओतून देतो म्हणतोय, आणि पहिलं मोठं काम म्हणून कमानपाट्याची, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीची, सुरी करायची आहे. त्यात एक आकडा, म्हणजे अडकवायचा हूक, केलास तो वाकडा झाला, बघून दोस्त हसले, म्हणून आता विचारतोस, काका, हे आपल्याला जमेल का. एका दमात सगळं विचारलास, मीपण एका दमातच सांगतो, मधे कुठं भरकटलो तर सांभाळून घे.

जमेल की. आणि हसणाऱ्यांचं काय घेऊन बसलास, ज्यानं कधी तापलेलं लोखंड हाणून बघितलं नाही त्याला आकडा सोपाच वाटतो. खरं सुरी आत्ता नको. सुरीत सगळं एकदम येतं, पातळ ओढणं, सरळ ठेवणं, ग्राइंडिंग, पाणी देणं, म्हणजे लाल करून एकदम बुडवून कडक करणं, मग पाणी उतरवणं, म्हणजे परत थोडं तापवून ठिसूळपणा घालवणं, आणि शेवटी ती वाकडी झाली किंवा तडकली तर नेमकं चुकलं कुठं ते कळतच नाही. आकडा बिघडला तर लगेच दिसतं की टोक थंड असताना मारलं, का एकाच बाजूनं जास्त मारलं. दुसरं म्हणजे तुझ्याकडे अजून सांडशी नाही, पक्कडीनं काम चाललंय असं तूच लिहिलंयस. पक्कडीत धरलेला कमानपाट्याचा लाल तुकडा पहिल्या जोरदार घावाला निसटतो आणि तो पडतो कुठं, तर पायावर. या धंद्यात एक सोय चांगली आहे, प्रत्येक काम पुढच्या कामाचं अवजार देऊन जातं, तेव्हा अवजारांपासूनच सुरू कर.

पण त्याही आधी तो जीआय पाइप काढ. पुढच्या रविवारी नाही, आजच. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. जस्त 420 डिग्रीला वितळतं आणि 907 डिग्रीला उकळतं, आणि भट्टीच्या तोंडाशी तर याच्यापेक्षा बरीच जास्त उष्णता असते. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की लगेच काही वाटत नाही, काही तासांनी, म्हणजे रात्री वगैरे, थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव, अंग मोडून येतं, आणि माणूस म्हणतो उन्हात दमलो म्हणून ताप आला. बऱ्याचदा दीड-दोन दिवसात उतरतो, पण धूर जास्त गेला तर फुफ्फुसाला कायमची इजा होते, माणसं गेलीत सुद्धा. आपल्याकडे वेल्डर लोक यावर दूध पितात, फाउंड्रीत गूळ खातात, खा की, चांगलंच आहे, पण छातीत गेलेला धूर त्यानं बाहेर येत नाही. ॲसिडमध्ये बुडवून जस्त काढायची आयडिया कुणीतरी देईलच, त्या भानगडीत पडू नको, काळा एमएस, म्हणजे साध्या लोखंडाचा बिनजस्ताचा, पाइप आण, चार पैसे जातील तेवढेच.

हाच नियम भट्टीत टाकायच्या मालाला. पिवळसर चमकणारे बोल्ट, पत्र्याचे कोटिंगवाले तुकडे, रंग लावलेलं काहीही, आणि बेळगावात खास सांगावं लागतं ते म्हणजे हायड्रॉलिक सिलिंडरचे क्रोम रॉड. इथं हायड्रॉलिकचा धंदा मोठा, स्क्रॅपमध्ये ते रॉड ढिगानं दिसतात, आरशासारखे गुळगुळीत, बघून मोह होतो. थंड असताना वापर हवा तेवढा, पण तापवू नको, क्रोमचा धूर जस्तापेक्षा वाईट. आणि शॉकअप, गॅस स्प्रिंग किंवा दोन्ही तोंडं बंद असलेली कुठलीही नळी भट्टीत गेली की तो बॉम्बच आहे.

ब्रेक ड्रम ठीक आहे, चांगली भट्टी होते त्याची. फक्त आतली जुनी काळी धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नको, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं पूस आणि ते फडकं टाकून दे. ड्रम बिडाचा असतो, तापलेला असताना त्यावर पाणी मारलं की तडकतो, विझवायचं असेल तर कोळसा बाजूला ओढ नि आपोआप विझू दे.

आता ब्लोअर. लाइट गेली की ब्लोअर बंद पडतो, हे आपल्याकडे व्हायचंच. त्या वेळी कोळशातून निघणारा जळाऊ गॅस हळूहळू पाइपात मागं उतरून बसतो, आणि लाइट आली की ब्लोअर सुरू होतो आणि फाट्कन बार उडतो. कधी नुसता आवाज, कधी राख नि निखारे तोंडावर. म्हणून पाइपाला खाली राख पडायचं झाकण ठेव, लाइट गेली की पहिलं ते उघडायचं आणि ब्लोअरचं बटण बंद करायचं, मग चहा प्यायला जायचं. लाइट आली की आधी झाकण उघडंच ठेवून थोडी हवा सोडायची, नंतर बंद. हाताचा पंखा मिळाला तर अजून चांगलं, हवा किती द्यायची ते हाताला कळतं आणि नवशिक्याचा माल कमी जळतो. जास्त हवा, कोळशाचा थर पातळ आणि माल तळाला टेकवलेला, हे तिन्ही जुळलं की लोखंडातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडतात. तेवढा भाग मेला, ठोकून दुरुस्त होत नाही, कापून टाकायचा. मालाखाली चार बोटं निखारा पाहिजे, वरही थोडा पाहिजे, नि माल आडवा धरायचा, खाली खुपसायचा नाही.

कोळसा म्हणशील तर सुरुवातीला लोणारी, म्हणजे लाकडाचा, कोळसाच घे. फाउंड्रीचा हार्ड कोक दोस्त फुकट देईल, पण तो पेटायला जड, ढेकळं मोठी, हवा सतत पाहिजे, हवा थांबली की विझतो. लिंबाएवढे तुकडे करून लोणारी कोळशात मिसळून वापरता येतो, हात बसल्यावर. लोणारी कोळसा तडतडतो, ठिणग्या उडवतो, त्यामुळं शेजारी गवताची गंजी, पाचट, वाळत घातलेले कपडे काही नको. आईचे सांडगे वाळत असतील आणि त्यावर राख उडाली तर मग छंद तिथंच संपला म्हणून समज.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर हीच खरी अडचण, त्यात खानापूरकडे तर विचारूच नको. पाऊस आत येतो म्हणून लोक पत्र्याच्या शेडला ताडपत्री लावून सगळीकडून बंद करतात आणि आत कोळसा पेटवतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, धूर दिसत नाही म्हणजे हवा चांगली असं अजिबात नाही, उलट निखारा छान लाल फुललेला असतो तेव्हाही तो निघतच असतो. डोकं जड होणं, मळमळ, उगाच झोप येणं, यातलं काही झालं की हातातलं टाकून बाहेर. समोरासमोरच्या दोन बाजू उघड्या राहिल्या पाहिजेत, एक वरची फटसुद्धा पाहिजे, आणि तेवढं जमत नसेल तर त्या रविवारी भट्टी पेटवायची नाही, फायलिंग कर, दांडे बसव, बरीच कामं असतात. ओल्या जमिनीवर एक्स्टेंशन बोर्ड नको, घरात 30 मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, नसेल तर आधी तो बसवून घे. आणि ओल्या काँक्रीटवर किंवा शहाबादी फरशीवर लाल लोखंड पडलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन वरचा पापुद्रा फुटतो नि कपच्या उडतात. भट्टीभोवती साधी चोपलेली माती सगळ्यात बरी.

ऐरण. दोस्ताला धन्यवाद सांग नि बिडाची ऐरण नको म्हणून सांग. त्याला वाईट वाटेल, पण बीड ठिसूळ, कडांचे टवके उडतात, आणि घाव मारला की हातोडा उसळून वर येत नाही, तिथंच मरतो, सगळं बळ तुझ्या मनगटाला लागतं. एक बेअरिंगची गोळी फूटभर उंचीवरून सोडून बघ, बिडावर थोडीशी उडते आणि चांगल्या पोलादावर जवळजवळ परत हाताशी येते. तू लेथवर आहेस, तुला काय सांगायचं, ईएन 8 नाहीतर ईएन 19 पोलादाचा जाड तुकडा, गिअरचा रिजेक्ट ब्लँक, किंवा तोच क्रोम रॉड जाड मिळाला तर फूट-दीड फुटाचा कापून उभा लाकडात गाडायचा, तोंड चार इंचाचं असलं तरी पुष्कळ. आपल्या गावच्या लोहाराची ऐरण बघ की, एवढीशी चौकोनी, आणि त्यावर त्यानं आख्ख्या गावाचे फाळ शेवटून, म्हणजे तापवून ठोकून परत धार काढून, दिलेत. शिंगवाली विलायती ऐरण दिसायला भारी, नसली तर अडत नाही, वाकवायला व्हाइसमध्ये पाइपचा तुकडा धरला की झालं.

रुळाचा तुकडा मात्र नको. परदेशातले लोक सर्रास रूळ वापरतात, व्हिडिओत दिसतं, आणि आपल्याकडे भंगारात कुणीतरी हळूच काढून दाखवतोही. 1966 चा रेल्वेच्या मालमत्तेचा कायदा आहे, चोरीचा वाटावा असा रेल्वेचा माल तुझ्याकडे सापडला तर तो कुठून आणलास ते तुलाच दाखवावं लागतं, आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. लिलावातला माल असेल नि बिल असेल तर गोष्ट वेगळी.

ऐरणीची उंची: सरळ उभा राहा, हात खाली सोडून मूठ आवळ, बोटांची पेरं जिथं येतात तेवढी. बाभळीचा किंवा चिंचेचा ओंडका घे, डगमगला नाही पाहिजे. आपले जुने लोहार बसून काम करतात, त्यांची कंबर त्याला सरावलेली, तू उभ्यानंच कर. हातोडा एक किलोच्या आसपासचा, त्याहून जड नको, आणि नवीन हातोड्याच्या कडा धारदार असतात त्या ग्राइंडरवर गोल करून तोंडाला किंचित फुगवटा दे, नाहीतर प्रत्येक घावाला मालावर अर्धचंद्र उमटतो. तुझ्या आकड्यावर खाचा पडल्यात म्हणतोस त्या बहुतेक ह्याच. दांडा आवळून धरू नको, कोपर दुखायला लागतं. आणि दांडा हलतोय म्हणून पाण्यात भिजवायची सवय आहे आपल्याकडे, ते दिवसभरापुरतं, वाळला की परत सैल, पाचर नवी मार.

आता कामं. पहिलं काम, भट्टीतला कोळसा ओढायची आकडेवाली सळई. तीन फुटांचा बार, एक टोक चपटं करून वाकवायचं, दुसऱ्याला कडी. कुणाला दाखवायची नाही, कशीही झाली तरी कामाला येते.

दुसरं काम तुझा तो आकडाच, खरं पद्धतशीर. 8 मिलिमीटरचा चौरस बार घे, मीटरला अर्धा किलो भरतो, सहा मीटरच्या एका बारात वीत-वीतभराचे तीसेक आकडे निघतात, म्हणजे बिघडवायला भरपूर माल. पण सुरुवातीला तुकडा करूच नको, दोन फूट लांब ठेव, म्हणजे हातातलं टोक गार राहतं आणि सांडशी लागत नाही. टोकाचा दोन इंच भाग नारिंगीच्या पुढं पिवळ्याकडे झुकेपर्यंत तापव. ऐरणीच्या पलीकडच्या कडेला टोक टेकव, हातातला बार किंचित वर उचल, हातोडाही तेवढाच तिरका, दोन घाव, पाव फेरा फिरव, दोन घाव, परत मागं. बस, फक्त दोनच बाजू, उरलेल्या दोन ऐरण बघते. टोक गोल करायची घाई नको. आधी चौकोनीच निमुळतं कर, मग चार कोपरे मारून आठ कोनी, मग गोल. सरळ गोल करायला गेलास की टोक आतून पोकळ होतं, चीर पडते आणि ती पुढं वाढत जाते. मधेच चौकोन तिरका व्हायला लागला, डायमंड झाला म्हणतो आपण, तर पुढं ओढत बसू नको, लांबट कोपऱ्यांवर हलके घाव घालून आधी चौकोन परत आण. रंग गर्द लालवर उतरला की थांब. तिथून पुढचे घाव लोखंडाला नाही, तुझ्या खांद्याला लागतात.

मग टोकाचा शेवटचा अर्धा इंच कडेबाहेर काढून खाली वाकव, बार उलटा कर आणि स्वतःकडे हलक्या हातानं मारत टोकाची वळी कर. आता ही वळी पाण्यात बुडवून गार कर, नाहीतर पुढं मोठा बाक देताना तीच उघडते. पाइपवर बाक दिलास की मग कापायचा, दुसऱ्या टोकाला तेच, पण बाक उलट दिशेला. मधे पीळ द्यायचा असेल तर तो बाक द्यायच्या आधी, फक्त मधला भाग एकसारखा तापवून, व्हाइसमध्ये धरून पान्यानं एकाच दमात. रंग कमीजास्त असला तर जिथं जास्त तापलंय तिथंच पीळ गोळा होतो, तेवढ्या जागेवर चार थेंब पाणी सोडलं की तो भाग थांबतो नि बाकीचा फिरतो. साध्या एमएसला हे चालतं, कमानपाट्याला नाही, तो तडकेल. शेवटी गरम असतानाच तारेचा ब्रश मार, खपल्या उडतात तेव्हा चष्मा पाहिजेच, आणि लाली गेल्यावर मेण घास, काळा सुंदर रंग येतो.

तुझी काम करायची जागा उन्हात आहे का ते तू लिहिलं नाहीस. असेल तर तिथंच निम्मी गोम आहे. उन्हात लोखंड नारिंगी झालं तरी काळसर दिसतं, माणूस अजून तापवतो नि जाळून बसतो. सावली पाहिजे, रोज तीच सावली, म्हणजे डोळ्याला रंगांची ओळख होते.

असे पाच-दहा आकडे झाले की सांडशी कर. 20 बाय 10 मिलिमीटरची पट्टी, फूटभराचे दोन तुकडे, जबडा, मग जोडाची जागा, मग दांड्या ओढायच्या. दोन्ही अर्धे एकसारखेच करायचे, आरशातले नाही, यात सगळे एकदा तरी फसतात. रिव्हेट गरम मारायचा आणि गार होईपर्यंत सांडशी उघडझाप करत राहायची, नाहीतर ती तशीच जाम होऊन बसते. त्यानंतर भाकरीचं उलथणं कर, घरात त्याचं कौतुक होतं आणि पुढच्या कोळशाच्या पोत्याला कुणी आडवं येत नाही. मग खुरपं, आणि मग बघू सुरीचं.

सुरक्षेच्या सामानाचं विचारलास. चष्मा सगळ्यात आधी, बाजूनं बंद असलेला, आणि तो फक्त ग्राइंडरला नाही, भट्टी पेटल्यापासून विझेपर्यंत. निखाऱ्याकडे टक लावून बघायचं नाही, त्या उष्णतेनं वर्षानुवर्षांत मोतीबिंदू होतो, आणि साध्या गॉगलनं ती अडत नाही. कपडे सुती, पँट बुटाच्या वरून सोडलेली, टेरिकॉट आणि टी-शर्टमधलं पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटतं. चामड्याचे बूट. कानाला प्लग लाव, रविवारी चार तास ठोकाठोक म्हणजे काही कमी नाही. हातमोजा चामड्याचा नि सैल, सांडशीच्या हाताला, झटकला की निघाला पाहिजे. ओला मोजा कोरड्यापेक्षा वाईट, गरम माल धरला की आतल्या आत वाफ होते. हातोड्याच्या हाताला मोजा नको, पकड जाते. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत झालं नसेल तर घेऊन टाक.

आता नीट ऐक. लाल लोखंडानं फारसं कुणी भाजून घेत नाही, सगळे त्याला घाबरून असतात. भाजतं ते काळं. चारशे-साडेचारशे डिग्रीचं लोखंड दिवसा उजेडी अगदी काळं, गार दिसतं. म्हणून गरम माल ठेवायची जागा एकच ठरव, वाळूचा पत्रा म्हण नाहीतर पाटी, तिथलं काहीही उचलायच्या आधी हाताची मागची बाजू वर धरून धग बघ. बघायला आलेला पाहुणा नेमका तेच हातात घेतो, लहान पोरं तर घेतातच. आणि हातातून निसटलेला तुकडा झेलायचा नाही, पाय मागं घे नि पडू दे. पोकळ नळी पाण्यात बुडवताना वरचं तोंड स्वतःकडे किंवा दुसऱ्याकडे नको, उकळतं पाणी नि वाफ पिचकारीनं वर येते.

तरी भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली. टूथपेस्ट नाही, शाई नाही, तूप-हळद नाही, बर्फही नाही. आणि फोड मोठा असेल, चेहरा, हाताचा पंजा, सांधा असेल तर दवाखाना.

ग्राइंडरबद्दल लोक भट्टीपेक्षा निष्काळजी असतात, खरं तर जास्त माणसं त्यानंच जखमी होतात. चार इंची मशीन मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे मारतं, गार्ड काढून वापरू नको, डिस्कवर लिहिलेला आरपीएम आणि तारीख बघ, पडलेली डिस्क फेकून दे, सुती विणलेले मोजे घालू नको, आणि लाकूड कापायचं दातेरी पातं त्या मशीनला कधीच लावू नको. लेथवाल्याला एवढं पुरे.

खुरप्यापर्यंत आलास की कमानपाटा हातात घे. त्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का, आपल्या ईएन 8 पेक्षा जास्त, म्हणून तो पाणी धरतो. फाउंड्रीतलं बीड दोन-तीन टक्क्यांच्या वर जातं, म्हणून ते ठोकलं की भुगा होतं. जुन्या पाट्यात वर्षानुवर्षं वाकून बारीक भेगा पडलेल्या असतात, डोळ्याला दिसत नाहीत, बोल्टच्या भोकाजवळचा भाग तर सोडूनच दे. ठोकून आकार झाला की दोन-तीनदा लाल करून हवेत गार होऊ दे, आतला ताण जातो. मग पाणी द्यायची वेळ, हे संध्याकाळी कर, रंग बरोबर दिसतो. चुंबक जवळ ठेव, साधारण 770 डिग्रीला लोखंड चुंबकाला चिकटायचं सोडतं, त्याच्यावर रंगाची अजून एक पायरी, आणि सरळ तेलात. तेल जुनं इंजिन ऑइल नको, त्यातली घाण धुरातून छातीत जाते. घरातलं तळणाचं शेंगतेल चालतं, 50-60 डिग्री कोमट केलेलं, लोखंडी डब्यात, प्लास्टिकच्या बादलीत अजिबात नाही, आणि झाकण हाताशी. माल पूर्ण बुडला पाहिजे, अर्धा बाहेर राहिला तर तेल पेटतं. पेटलं तर झाकण, पाणी नाही. पात्याच्या रेषेत पुढंमागं हलव, आडवं हलवलंस तर वाकतं. बाहेर काढून कानस फिरव, कानस घसरली म्हणजे कडक झालं. त्या अवस्थेत ते काचेइतकंच ठिसूळ, लगेच 200 डिग्रीच्या ओव्हनमध्ये तास-तासभर दोनदा, हे सुरीला. खुरपं दगडाला लागतं, त्याला निळा रंग येईपर्यंत, म्हणजे तीनशेच्या आसपास उतरव.

आता तू म्हणशील गावचा लोहार तर पाण्यातच बुडवतो. बरोबर आहे, पण तो कसा बुडवतो ते जाऊन बघ. तो फक्त धारेचा काठ क्षणभर पाण्याला लावतो, लगेच बाहेर काढून दगडावर घासून चकचकीत करतो आणि थांबतो. मागच्या भागातली उरलेली धग धारेकडे सरकत येते, पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग चालत येताना दिसतो, आणि त्याला पाहिजे तो रंग धारेवर आला की पूर्ण बुडवतो. ओव्हन नाही, चुंबक नाही, दोन्ही कामं एकाच तापात. हा अंदाज यायला आयुष्य जातं, तू तेलापासून सुरू कर.

आणि खरंच जाऊन बघ. खानापूर, नंदगड, चंदगडच्या बाजूला कोयते-विळे शेवटणारे लोहार अजून आहेत, ऊस सुरू झाला की चिकोडी-निपाणीकडे कोयत्यांची कामं असतात, आणि घिसाडी लोकांची, म्हणजे फिरत्या लोहारांची, पालं रस्त्याकडेला पडतात तीही बघ. मालक बसून सांडशीनं माल फिरवतो, त्याच्या हातातला लहान हातोडा जिथं टकटक करतो तिथं समोर उभी असलेली बाई घण घालते, एक शब्द बोलत नाहीत, ऐरणीवर नुसतं टिक वाजलं की ती थांबते. आपल्यासारखे छंदवाले त्यांच्याकडे जातात आणि पहिला मोबाइल काढतात, तसं करू नको. घरातला बोथट विळा घेऊन जा, काम सांग, ते सांगतील तेवढे पैसे दे, घासाघीस न करता. भाता किंवा पंखा फिरवायला बस, मग विचार काय विचारायचं ते. त्यांचं पोट त्यावर आहे, आपला रविवार आहे, एवढं डोक्यात असलं की ते भरभरून सांगतात.

दोस्तांच्या हसण्यावरून एक. आमच्यात जे चार-पाच जण असं रविवारी काम करतात, आम्ही एकमेकांना बिघडलेलेच तुकडे आधी दाखवतो. चांगला झालेला आकडा बघून काय बोलणार, छान म्हणून पुढं. चिरलेलं टोक दाखवलंस तर समोरचा सांगतो की थंड मारलास. तोंडभर कौतुक करणारे आणि नुसते हसणारे, दोघांचाही उपयोग नाही. आणि शक्यतो एकट्यानं भट्टी पेटवू नको, निदान घरात कुणाला तरी माहीत असू दे.

अजून एक भानगड येणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो. तुझ्याकडे भट्टी आहे हे गल्लीत कळलं की शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या आधी आणि खंडेनवमीला पोरं तलवार करून दे म्हणून येतील, पैसेही चांगले देतो म्हणतील. 1959 चा शस्त्र कायदा आहे, नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं हे शस्त्रात मोडतं, घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. कोयता, विळी, खुरपं, कुऱ्हाड करायला काही नाही, तलवार-खंजीर करून विकणं म्हणजे स्वतःहून पोलीस स्टेशनची पायरी चढणं. मंडळ ओळखीचं असो नाहीतर दोस्त असो, नाही म्हणून सांगायचं.

सांडशीचं काम अंगावर आलं तर माझ्याकडे दोन जास्तीच्या पडून आहेत, एक चपट्या मालाची, एक गोल बाराची. शहापुरात ये, घेऊन जा, त्या बघून मोजमाप घे आणि स्वतःच्या झाल्या की परत आणून दे. येताना तो वाकडा आकडा आण, एका तापात सरळ करू. आणि चप्पल घालून आलास तर भट्टीजवळ उभा करणार नाही, आत्ताच सांगतो.